तीन वर्षांचे रविवार

एक संख्या सांगतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. संख्या एकवीस अंकी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अमेरिकी प्राध्यापकाने ही संख्या फोडली. फोडली म्हणजे कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार केला की ती मिळते, ते शोधून काढले. किती वेळ लागला, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले : तीन वर्षांचे रविवार.

गुणाकार उलटा करण्यासाठी इतके रविवार? आणि समजा लागले, तरी आपल्याला त्याचे काय? इथेच खरी गंमत आहे. आपल्या खिशातले बँकेचे कार्ड ज्या भरवशावर चालते, तो भरवसा आणि या प्राध्यापकाचे रविवार यांचे नाते जवळचे आहे. ते कसे, हे समजायला फार गणित लागत नाही. शाळेतला भागाकार आणि थोडा धीर पुरे.

पटाला तीन घरे जास्त

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. राजाला वाटते, मागून मागून मागितले काय? आणि मग सगळी कोठारे रिकामी करूनही पट भरत नाही.

या दाण्यांची बेरीज करण्याची एक सोपी युक्ती आहे. तीन घरे भरली तर एक, दोन, चार मिळून सात दाणे होतात. सात म्हणजे आठ उणे एक. आठ हा दोनाचा तिसरा घात, म्हणजे दोन तीन वेळा मांडून केलेला गुणाकार. चार घरांचे दाणे पंधरा, म्हणजे सोळा उणे एक. घरे जितकी असतील तितका दोनाचा घात घ्यायचा आणि एक वजा करायचा. आता पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे आहेत असे समजा. त्या पटावरचे सगळे दाणे म्हणजे दोनाचा ६७ वा घात उणे एक. हीच आपली संख्या. घरे तीनच वाढली, पण दाणे जवळजवळ आठपट झाले.

ही संख्या वाचायची तर चौदा लाख पंचाहत्तर हजार सातशे एकोणचाळीस कोटी कोटी आणि वर आणखी काही, असे म्हणावे लागेल. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अंकांच्या स्थानांची नावे परार्धापर्यंत दिलेली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या असे चौदाशे पंचाहत्तर परार्ध ओलांडून पुढे जाते.

मठातली यादी

पण मोठ्या संख्या कितीही सांगता येतील. हीच का? त्यासाठी आपल्याला सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावे लागेल.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. १५ ही मूळ नाही, कारण ती तीन पाचे पंधरा अशी फुटते. अशा फुटणाऱ्या संख्यांना संयुक्त संख्या म्हणतात. घर जसे विटांचे, तशी प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते.

आता पटावरच्या बेरजा पाहा. दोन घरांची बेरीज ३, ही मूळ. तीन घरांची ७, मूळ. पाच घरांची ३१, मूळ. सात घरांची १२७, तीही मूळ. घरांची संख्या मूळ असली की बेरीजही मूळच येणार, असे वाटू लागते. पण अकरा घरांशी गाडी अडते. बेरीज येते २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटते. म्हणजे कधी मूळ, कधी संयुक्त. मग कोणत्या घरांना मूळ संख्या मिळते?

मारें मेर्सेन या फ्रेंच मठवासी विद्वानाला या प्रश्नाने ओढ लावली. युरोपातल्या त्या काळच्या अनेक गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार होता. १६४४ मध्ये छापलेल्या एका ग्रंथात त्याने यादीच दिली. २५७ घरांपर्यंत पाहिले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घरांनाच मूळ संख्या मिळते, असे त्याने सांगितले. एवढ्या प्रचंड संख्या त्याने तपासल्या असणे शक्यच नव्हते. पण यादी धीटपणे दिलेली होती, आणि ती खोटी ठरवणेही कोणाला जमत नव्हते. दोनशेहून अधिक वर्षे ती तशीच राहिली. या प्रकारच्या संख्यांना आजही मेर्सेन संख्या म्हणतात.

पुढे यादीत पाच चुका सापडल्या. ६१, ८९ आणि १०७ ही घरे त्यात हवी होती, ती राहून गेली. ६७ आणि २५७ नको होती, ती आली. लिहिताना किंवा छापताना ६१ चे ६७ झाले असावे, असाही तर्क काही जण करतात. काही असो, त्या यादीमुळे ६७ घरांची बेरीज साऱ्या गणितज्ञांच्या डोळ्यांवर आली.

तडा आहे, पण कुठे?

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, की ६७ घरांची बेरीज मूळ संख्या नाही. ती फुटते. कोणत्या दोन संख्यांत फुटते? ते मात्र ल्युकाला सांगता आले नाही!

ऐकायला हे विचित्र वाटते. फोडून दाखवल्याशिवाय फुटते असे म्हणायचे कसे? पण व्यवहारात आपण असे करतोच. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलो की आपण तो टिचकी मारून वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर कुठे तरी तडा आहे. तडा नेमका कुठे आहे, हे त्या आवाजावरून कळत नाही. पण आहे, एवढे नक्की कळते, आणि आपण तो माठ बाजूला ठेवतो.

ल्युकाने संख्या वाजवून पाहण्याची अशीच रीत शोधली. डेरिक लेहमर या अमेरिकी गणितज्ञाने १९३० मध्ये तिला सुटसुटीत रूप दिले. ती घरी करून पाहता येते. चारापासून सुरुवात करायची. संख्येचा वर्ग करायचा, त्यातून दोन वजा करायचे, आणि आपल्या मेर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. पुन्हा त्या बाकीचा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घरे जितकी असतील त्याहून दोन कमी वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. (पटाची घरे तेवढी मूळ संख्येइतकी आणि दोनापेक्षा जास्त हवीत.)

पाच घरांची ३१ घेऊ. पाचातून दोन गेले, म्हणजे तीन फेऱ्या. चाराचा वर्ग १६, दोन गेले, राहिले १४. चौदाचा वर्ग १९६, दोन गेले १९४, त्याला ३१ ने भागले की बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन गेले ६२, आणि ६२ ला ३१ ने भागले की बाकी शून्य. ३१ मूळ आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक होते. रीत तेच सांगते.

आता अकरा घरांची २०४७ घ्या. नऊ फेऱ्या कराव्या लागतात. बाक्या अशा येतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य आले नाही. आवाज बद्द आला. २०४७ संयुक्त ठरली. पण या साऱ्या हिशेबात २३ किंवा ८९ यांचे नावसुद्धा कुठे आले नाही. तडा आहे, कुठे ते माहीत नाही.

या रीतीने सदुसष्ट घरांसाठी पासष्ट फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत एकवीस अंकी आकड्यांचा वर्ग आणि भागाकार करायचा. काम कंटाळवाणे आहे, पण चिकाटीच्या माणसाच्या आवाक्यातले आहे. एक गोष्ट लक्षात ठेवू या. संख्या वाजवून पाहणे एका माणसाला जमले, आणि ती फोडणे त्यालाच जमले नाही.

कोल यांचे रविवार

फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते अनेक वर्षे सचिव होते. त्यांनी हा तडा शोधायचे मनावर घेतले.

सरळ मार्ग म्हणजे २ ने भागून पाहा, ३ ने भागून पाहा, असे पुढे जात राहायचे. पण कुठपर्यंत? संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे बाराशे कोटींपर्यंत. हा मार्ग माणसासाठी बंदच होता.

मदतीला आला फर्मा. त्याने १६४० मध्ये खुद्द मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात एक सुंदर नियम कळवला होता. पटाची घरे मूळ संख्येइतकी असतील, तर बेरजेचा कोणताही मूळ अवयव घरांच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येतो. अकरा घरांची दुप्पट २२. बावीस एके बावीस, एक मिळवा, २३. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, एक मिळवा, ८९. बरोबर तेच दोन अवयव. सदुसष्टाची दुप्पट १३४. म्हणजे १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. शिवाय दुसरा एक नियम सांगतो, की अशा अवयवाला आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च राहते. त्यामुळे उरलेल्यांतल्या अर्ध्या गळतात.

तरीही जो लहान अवयव शेवटी हाती लागला, तिथपर्यंत पोचायला अशा सुमारे सव्वासात लाख संख्या ओलांडाव्या लागतात. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली आणि रोज आठ तास बसले, तर वीस वर्षांहून अधिक काळ जाईल. तीन वर्षांत रविवार येतात साधारण एकशे छप्पन्न. म्हणजे नुसत्या चिकाटीने भागणार नव्हते. वर्ग संख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचे गुणधर्म वापरून कोल यांनी आणखी बारीक चाळण्या बनवल्या आणि नको असलेल्या संख्या गठ्ठ्यागठ्ठ्याने बाजूला काढल्या. अवयव शोधण्याचा मोठा भाग हा असा चाळण्याचाच असतो.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत त्यांनी आपला निबंध सादर केला. त्या सभेची हकीकत एरिक टेंपल बेल या गणितज्ञ लेखकाने पुढे सांगितली आणि ती फार प्रसिद्ध झाली. कोल फळ्यापाशी गेले. काहीही न बोलता त्यांनी दोनाचा ६७ वा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या जागेत दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. बेल यांनी पुढे काही वर्षांनी विचारले तेव्हा कोल यांनी रविवारांचा हिशेब सांगितला. गोष्ट सांगताना बेल थोडा रंग भरत, हे खरे. पण कोल यांचा निबंध त्याच वर्षी छापला गेला आणि त्या दोन संख्या कोणालाही तपासून पाहता येतात. त्या अशा : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

पूर्वी शाळेत गुणाकार केला की नवाचा ताळा घ्यायला लावत. इथे घेऊन पाहा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, तीन आणि सात दहा, दहाचा एक. दुसरीची बेरीज ६४, तिचेही दहा, दहाचा एक. एक एके एक. आता मूळच्या एकवीस अंकांची बेरीज करा. येते १०९, तिचेही दहा आणि दहाचा एक. ताळा जुळला. अर्थात ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच आहे असे नव्हे. खात्री हवी तर संपूर्ण गुणाकार करायला हवा. तेवढे काम एका दुपारीही होईल.

जाताना उतार, येताना चढण

शोधायला तीन वर्षांचे रविवार, आणि पडताळायला एक दुपार. या सगळ्या कहाणीतली मोलाची गोष्ट हीच आहे. दोन संख्यांचा गुणाकार करणे म्हणजे घाट उतरणे. गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे म्हणजे तोच घाट पाठीवर ओझे घेऊन चढणे. संख्या जितकी मोठी, तितका हा फरक वाढत जातो.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी या फरकाचे कुलूप बनवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. दाबून बंद होणारे कुलूप कोणालाही लावता येते, उघडायला मात्र किल्ली लागते. हे कुलूप तसेच आहे.

एक अगदी लहान कुलूप करून पाहू. मी ३ आणि ११ या दोन मूळ संख्या मनात धरतो आणि त्यांचा गुणाकार ३३ सगळ्यांना जाहीर करतो. सोबत आणखी एक आकडा जाहीर करतो, ३. तुम्हाला मला ४ हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. तुम्ही चाराचा घन करा, ६४. त्याला ३३ ने भागा, बाकी ३१. हा ३१ तुम्ही भर चौकात ओरडून सांगितला तरी चालेल.

माझ्याजवळ गुप्त किल्ली आहे, ७. मी ३१ चा सातवा घात घेऊन ३३ ने भागतो. हिशेब सोपा आहे. ३१ म्हणजे ३३ ला दोन कमी, म्हणून ३१ च्या जागी उणे दोन घेतले तरी बाकी तीच येते. उणे दोनाचा सातवा घात उणे १२८. त्यात तेहतीस चोक १३२ मिळवले की उरतात ४. तुमचा निरोप मला मिळाला.

किल्ली ७ कशी निघाली? ३ आणि ११ मधून एकेक वजा केला, २ आणि १०. त्यांचा गुणाकार २०. तीन साते एकवीस, म्हणजे विसापेक्षा एक जास्त. म्हणून किल्ली ७. पण हे २० काढायचे तर ३ आणि ११ वेगवेगळे माहीत हवेत. ज्याला फक्त ३३ दिसते, त्याला ३३ फोडावी लागेल. ३३ फोडायला तिसरीतला मुलगा पुरे. पण त्या जागी सहाशे अंकी संख्या असेल तर?

आज या कामासाठी ६१७ अंकांपर्यंत जाणाऱ्या संख्या सर्रास वापरतात. चिप असलेल्या बँक कार्डांत ही पद्धत आहे, संकेतस्थळांच्या ओळखपत्रांत आहे, संगणकावरून केलेल्या सह्यांत आहे. आपण कार्ड यंत्रात घालतो तेव्हा कोल यांनी चढलेला घाट चोराच्या वाटेत उभा असतो.

घाट किती उंच?

कोल यांची संख्या आज घरातला साधा संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोडतो. म्हणून घाटाची उंची वाढवत राहावी लागते, आणि त्याबाबतचे अंदाज चुकतातही.

आरएसएची माहिती मार्टिन गार्डनर यांनी १९७७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सदरात सामान्य वाचकांना दिली, तेव्हा त्यासोबत १२९ अंकांची एक संख्या आव्हान म्हणून छापली होती. फोडणाऱ्याला शंभर डॉलरचे बक्षीस. ती फोडायला चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असा रिव्हेस्ट यांचा अंदाज त्यात दिलेला होता. ती १९९४ मध्ये, सतरा वर्षांतच फुटली. इंटरनेटने जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी सोळाशेच्या आसपास यंत्रांवर आठ महिने काम केले. संगणक तर वेगवान झाले होतेच, पण चाळण्याच्या रीतीही फार सुधारल्या होत्या. २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकांची आव्हान-संख्या फुटली. एका प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर ते काम टाकले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. ६१७ अंकांची आव्हान-संख्या मात्र अजून कोणी फोडलेली नाही.

आता वाजवून पाहण्याकडे वळू. तिथे आपल्या देशात एक मोठी घटना घडली. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बी. टेक. झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले, की कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे झटपट आणि शंभर टक्के खात्रीने ठरवण्याची रीत आहे. झटपट याचा अर्थ असा, की अंक वाढले तरी काम आवाक्याबाहेर भडकत नाही. शतकानुशतके गणितज्ञ ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, त्याचे उत्तर काही पानांत बसले. २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळाले.

त्या वेळी अनेकांनी विचारले, मग बँकांच्या कुलपांचे काय? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ही रीत माठ वाजवून पाहते. तडा कुठे आहे ते सांगत नाही. कुलूप सुरक्षित राहिले.

या दोन कामांतले अंतर किती आहे, याचा एक जिवंत नमुना पाहा. पटाला १२७७ घरे असतील तर येणारी बेरीज ३८५ अंकी असते. ती संयुक्त आहे, हे पक्के माहीत आहे. पण जगभरच्या हौशी लोकांनी संगणक राबवूनही तिचा एकही अवयव अद्याप कोणाला सापडलेला नाही. ल्युकाच्या काळात ६७ घरांची जी स्थिती होती, ती आज १२७७ घरांची आहे. उलट ल्युकाची टिचकी किती पुढे गेली? दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ आहे, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. चार कोटी अंकांची संख्या वाजवून पाहता येते, आणि ३८५ अंकांची फोडता येत नाही!

भरवसा कशाचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठी संख्या फोडणे अवघड आहे, असे आपण इतका वेळ म्हणत आलो. पण ते अवघडच आहे आणि अवघडच राहील, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. फोडण्याची झटपट रीत नाहीच, असा पुरावा गणितात नाही. आजवर भल्याभल्यांनी प्रयत्न केले आणि सापडली नाही, एवढाच आपला आधार आहे. २००२ च्या आधी झटपट आणि पूर्ण खात्रीने वाजवून पाहण्याची रीतही सापडलेली नव्हती. ती सापडली.

शिवाय एक रीत कागदावर तयारच आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये, म्हणजे १२९ अंकांची संख्या फुटली त्याच वर्षी, दाखवून दिले की क्वांटम संगणक मोठ्या संख्या झटपट फोडू शकेल. आज कुलपात वापरतात तेवढ्या मोठ्या संख्या फोडण्याइतका समर्थ क्वांटम संगणक अजून बनलेला नाही. पण तो बनेपर्यंत वाट पाहणेही शहाणपणाचे नाही. आज कुलूपबंद केलेला निरोप कोणी साठवून ठेवला, तर तो उद्या उघडता येईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या प्रकारच्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली. ही कुलपे संख्या फोडण्याच्या अवघडपणावर अवलंबून नाहीत, गणितातल्या वेगळ्याच अवघड प्रश्नांवर उभी आहेत. जगभरच्या यंत्रणा हळूहळू कुलपे बदलू लागल्या आहेत.

कोल यांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांना बँकेचे कुलूप करायचे नव्हते की कोणाचे फोडायचे नव्हते. एका जुन्या यादीतली एक नोंद चुकीची आहे हे ठाऊक होते, आणि ती चूक प्रत्यक्ष दाखवायची होती, एवढेच. पण त्या रविवारांमुळे एक माप आपल्या हाती आले. घाट उतरायला किती वेळ लागतो आणि चढायला किती, याचे माप. पुढच्या पिढ्यांनी त्या मापावर सारी देवघेव उभी केली. पुढच्या वेळी कार्ड यंत्रात घालाल तेव्हा एवढे आठवा, की तुमचे पैसे लोखंडी पेटीपेक्षा अधिक एका न सुटलेल्या गणितावर सुरक्षित आहेत. ते गणित कोणी सोडवले तर गणिताच्या दृष्टीने तो मोठा आनंदाचा दिवस असेल. आपली कुलपे त्याआधी बदललेली असली म्हणजे झाले.